पॉलिसी पाच लाखांची आहे, पण दारू सोडवायला चालेल का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही सांगलीजवळ राहतो. ह्यांचं वय 43, दारू गेली बारा वर्षं. मागच्या महिन्यात स्वतःहून बंद केली आणि तिसऱ्या दिवशी हात एवढे थरथरायला लागले की चहाचा कप धरवेना, रात्री तर भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून चादरीने भिंत पुसत बसले. घाबरून दिरांनी परत थोडी पाजली. आता अ‍ॅडमिट करायचं म्हणतोय. पाच लाखांची फॅमिली पॉलिसी आहे, चार वर्षं हप्ता भरतोय. एजंट म्हणतो व्यसनाला एक पैसा मिळत नाही, डॉक्टरांना पित्ताचा त्रास असं लिहायला सांगा. काय करू? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पैशाचं नंतर बघू, आधी त्या मुंग्यांचं सांगते. रोजची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत असे भास होतात, फिट येऊ शकते आणि जीवावरही बेतू शकतं. त्यामुळे आता परत घरच्या घरी बंद करायला लावू नका, हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

आता एजंटचं. तो अर्धं खरं बोलतोय. पॉलिसीच्या कागदात एक्सक्लुजन कोड 12 शोधा, दारू, ड्रग्ज, कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम ह्यांचा उपचार वगळलाय असं तिथे बहुतेक छापलेलं असणार, आणि त्याच्यावर बोट ठेवून कंपन्या क्लेम नाकारतात. पण मानसिक आरोग्य कायदा 2017 काय म्हणतो, तर दारू-ड्रग्जमुळे होणारी मानसिक अवस्था हीसुद्धा मानसिक आजाराच्या व्याख्येत येते, आणि कलम 21(4) प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचाय. म्हणजे छापील अट एकीकडे ओढते आणि कायदा दुसरीकडे, आणि ह्या ओढाताणीत तुमच्यासारखी घरं भरडली जातात ह्याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरा. महिना-दीड महिना सेंटरमध्ये राहणं, ग्रुप, समुपदेशन, ह्याचा खर्च मिळेल असं गृहीत धरू नका, बरीच सेंटर्स विम्याच्या भाषेत हॉस्पिटलच नसतात. पण भास, फिट ह्यासाठी चांगल्या हॉस्पिटलात चार-सहा दिवस अ‍ॅडमिट केलं तर तो क्लेम जरूर टाका. अ‍ॅडमिशनच्या आधीच कंपनीला मेल करून लेखी विचारा, फोनवरचं बोलणं उद्या कोणी मान्य करत नाही. मानसिक आजाराला वेगळा वेटिंग पिरियड, म्हणजे सुरुवातीचा काही काळ क्लेम न मिळण्याची अट, आहे का तेही त्यातच विचारून घ्या.

पित्त लिहून घ्यायचं मात्र अजिबात नाही. नर्सच्या चार्टवर, गोळ्यांच्या बिलावर सगळं दिसतं, खोटं सापडलं की क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. आणि डॉक्टरांना दारूचं माहीतच नसेल तर ते उपचार कशावर करणार?

अजून एक, पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्मची कॉपी काढा. ‘दारू घेता का’ समोर एजंटने परस्पर ‘नाही’ टिक केलेलं असतं, असं फार वेळा होतं. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने दारूचं व्यसन लपवलं म्हणून क्लेम नाकारणाऱ्या विमा कंपनीची बाजू उचलून धरली होती. सलग 60 महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाली तरच, माहिती लपवल्याचं कारण कंपनीला काढता येतं, पण तुमचे अजून 60 व्हायचेत.

क्लेम नाकारला तर नकार लेखी मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, एका वर्षाच्या आत तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. कलम 21(4) चा उल्लेख करा आणि डिस्चार्ज कार्डवर भास, थरथर हे स्पष्ट लिहिलेलं असू द्या. निकाल तुमच्याच बाजूने लागेल अशी खात्री मी देत नाही, पण न लढता सोडून देऊ नका.

आणि क्लेमच्या नादात उपचार थांबवायचे नाहीत. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी टोल-फ्री हेल्पलाइन आहे, जवळ कुठलं केंद्र आहे ते तिथे विचारा. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी निवासी केंद्रं असतात, काही सरकारी हॉस्पिटलांत व्यसन उपचार विभाग असतात, तिथे पैसे पडत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण तर 1986 पासून हे काम करतंय, तिथेही चौकशी करा. मागच्या वेळी बाटली ह्यांनी स्वतःहून खाली ठेवली होती, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आवर्जून सांगा.