न्यायालयाच्या आदेशाने भावाला घरी राहूनच औषध घ्यायला लावता येईल का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे. तुमच्या ३४ वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तीन वर्षांत तो तिसऱ्यांदा रुग्णालयात दाखल झाला आहे. दर वेळी तो सावरून घरी येतो, दोन-तीन महिन्यांत गोळ्या बंद करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे सुरू होते. अमेरिकेत अशा माणसाला न्यायालय घरी राहूनच उपचार घेण्याचा आदेश देते, असे तुम्ही वाचले आहे. महाराष्ट्रात तसा आदेश मिळेल का आणि त्याचा उपयोग होतो का, हे तुम्हाला विचारायचे आहे. पंधरा दिवसांत त्याला घरी सोडणार आहेत, असेही तुम्ही लिहिले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते. घरी राहणाऱ्या माणसाला उपचार घेण्यास बांधून ठेवणारा आदेश देण्याची तरतूद आपल्या मानसिक आरोग्य कायद्यात नाही. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. गेली अठरा वर्षे मी माझ्या धाकट्या भावाची शुभंकर आहे. आमच्या स्वमदत गटात आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि त्या शब्दांची सवय झाल्यापासून ‘पेशंट’ म्हणणे मला जड जाते. तुम्ही आज शोधत आहात तोच आदेश मीही एके काळी जिवाच्या आकांताने शोधला होता, म्हणून त्याविषयी जे समजले ते सविस्तर लिहिते.

तुम्ही वाचलेला कायदा बहुधा न्यूयॉर्क राज्यातला, केंड्राज लॉ या नावाने ओळखला जाणारा असावा. ३ जानेवारी १९९९ रोजी मॅनहॅटनमधल्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकात ३२ वर्षांची केंड्रा वेबडेल गाडीची वाट पाहत उभी असताना अँड्र्यू गोल्डस्टाइन या तरुणाने तिला गाडीपुढे ढकलले आणि त्यात तिचा मृत्यू झाला. गोल्डस्टाइनला स्किझोफ्रेनिया होता आणि त्याचे औषध सुटलेले होते. केंड्राच्या कुटुंबाने कायद्यासाठी पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्यावर सही केली. या हकिगतीचा एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. गोल्डस्टाइन आधीच्या काळात स्वतःच्या पायांनी पुन्हा पुन्हा रुग्णालयात गेला होता, मदत मागत होता, आणि दर वेळी थोड्या दिवसांत त्याला बाहेर पाठवले जात होते. देखरेखीखाली राहता येईल अशा जागा अपुऱ्या होत्या. उपचार नाकारणाऱ्या माणसांसाठीचा कायदा ज्याच्या कृत्यामुळे झाला, तो माणूस उपचार मागत फिरत होता, ही गोष्ट वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते.

त्या कायद्यानुसार आईवडील, पती किंवा पत्नी, सज्ञान भाऊ-बहीण, उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णालयाचे प्रमुख अशा ठरावीक व्यक्ती न्यायालयात अर्ज करू शकतात. उपचार सुटल्यामुळे गेल्या ३६ महिन्यांत किमान दोनदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, किंवा गेल्या ४८ महिन्यांत गंभीर हिंसा अथवा तसा प्रयत्न घडला असेल, तर अर्ज विचारात घेतला जातो. तपासणाऱ्या डॉक्टरांना न्यायाधीशांसमोर साक्ष द्यावी लागते आणि शुभार्थीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. आता जो मुद्दा आपल्याला इथे बसून सर्वांत अनपेक्षित वाटतो, तो असा की एवढे होऊनही न्यायालयाचा आदेश कोणाच्या तोंडात गोळी घालू शकत नाही. आदेश मोडला म्हणून त्या व्यक्तीवर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होत नाही. डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास तिला रुग्णालयात नेऊन जास्तीत जास्त ७२ तास तपासणीसाठी ठेवता येते, आणि त्यापुढे ठेवायचे असेल तर दाखल करण्याचे नेहमीचे निकष लागू होतात. या कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा, २००४ साली, तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने तो वैध ठरवताना हीच गोष्ट महत्त्वाची मानली होती.

मग आदेशाने नेमके होते काय? आदेशासोबत लेखी उपचार योजना असते आणि त्या योजनेत केस मॅनेजर किंवा घरी येणारे उपचार पथक असावेच लागते. म्हणजे कोणी तरी ठरलेला माणूस दार वाजवतो, इंजेक्शनची तारीख चुकली तर फोन करतो, राहण्याच्या जागेसाठी खटपट करतो, आणि हे सगळे न्यायालयाच्या कागदावर असल्यामुळे स्थानिक यंत्रणेला ते टाळता येत नाही. राज्याने त्यासाठी वेगळा पैसाही दिला. २००९ साली या कायद्याचे स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध झाले. त्यात आदेशाखालच्या लोकांचे रुग्णालयात दाखल होणे कमी झाल्याचे आणि आदेश वर्षभर टिकला तर फायदाही जास्त टिकल्याचे दिसले, पण त्या फायद्यातला आदेशाचा वाटा किती आणि वाढवलेल्या सेवांचा किती, हे वेगळे काढणे सोपे नव्हते. त्याआधी न्यूयॉर्कच्याच बेलव्ह्यू रुग्णालयात एक प्रयोग झाला होता. तिथे दोन्ही गटांना सारख्याच वाढीव सेवा दिल्या होत्या आणि एकाच गटावर आदेश होता. त्या दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

इंग्लंडमध्ये २००८ पासून असाच आदेश आहे, मात्र तो न्यायाधीशाऐवजी डॉक्टर देतात. तिथल्या ३३३ शुभार्थींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. आदेशाखालच्या १६६ जणांपैकी ५९ आणि केवळ रुग्णालयाच्या रजेवर घरी पाठवलेल्या १६७ जणांपैकी ६० वर्षभरात पुन्हा दाखल झाले, म्हणजे दोन्हीकडे ३६ टक्के. हा अभ्यास वाचला त्या रात्री मला रडू आले होते, कारण ज्या एका कागदावर मी आशा ठेवून बसले होते तो हाती आला असता तरी काय झाले असते, याचे उत्तर समोर होते.

आता आपल्याकडचे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या कलम ८९ खाली, शुभार्थीने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला असेल किंवा तशी धमकी दिली असेल, दुसऱ्यावर हात टाकला असेल किंवा त्याच्या वागण्याने दुसऱ्याला तशी भीती वाटत असेल, अथवा स्वतःची काळजी घेणे त्याला इतके अशक्य झाले असेल की त्यातून धोका संभवतो, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (म्हणजे उपचारांच्या निर्णयांत शुभार्थीला मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर त्याला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. मुदत वाढवायची असेल तर कलम ९० आहे आणि तिथे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. अगदी आणीबाणीच्या वेळी कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत आवश्यक ते उपचार देऊ शकतो, आणि त्यात रुग्णालयात नेणेही येते. दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग कलम १०१ आणि १०२ मध्ये आहे. त्याविषयी लोकांचा मोठा गैरसमज असतो. कलम १०१ मुख्यतः घरात छळ किंवा हेळसांड होत असलेल्या व्यक्तीसाठी आहे, आणि दंडाधिकारी जे करू शकतात ते म्हणजे तपासणीसाठी पाठवणे किंवा १० दिवसांपर्यंत दाखल करून घेण्यास सांगणे. हे सगळे रुग्णालयाच्या दारापर्यंतचे आहे. घरी परतल्यानंतरच्या आयुष्यावर यातल्या कोणाचाही हुकूम चालत नाही. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे कलम ९१ मधली रजा, जिच्यात दाखल असलेल्या व्यक्तीला काही अटींवर घरी पाठवता येते, पण तीही दाखल असण्याच्या मुदतीपुरतीच.

असा आदेश आपल्याकडे नाही याचे मला पूर्वी वाईट वाटायचे. आज वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्या घरातच आहे. भावाने दुसऱ्यांदा औषध सोडले तेव्हा आईने गोळी कुटून त्याच्या वरणात घालायला सुरुवात केली. तीन आठवडे सारे सुरळीत चालले. एके दिवशी वाटीच्या तळाशी न विरघळलेला पांढरा कण त्याला दिसला. तो काहीच बोलला नाही, ताट बाजूला सारून उठला. त्यानंतर जवळजवळ पाच महिने तो फक्त स्वतः सोललेली केळी, स्वतः फोडलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि सालासकट उकडलेली अंडी एवढेच खात होता आणि पाणी नळाला तोंड लावून पीत होता. आपल्याला कोणीतरी विष घालत आहे हा भ्रम त्याला आधीपासून होता, आणि तो खरा असल्याचा पुरावा आम्ही आमच्या हाताने त्याच्यापुढे वाढला होता. पुढे तो इतका खंगला की दाखल करावेच लागले. त्या रात्री रुग्णालयाच्या गाडीतून आलेल्या चौघांनी आईच्याच साडीने त्याचे हात बांधले. आईने ती साडी पुन्हा कधी नेसली नाही. तुमच्या घरी कोणी गोळी कुटून देण्याचा सल्ला देत असेल, तर कृपा करून तो मानू नका.

भाऊ घरी आल्यावर आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ शुभंकर बाईंनी मला एक गोष्ट शिकवली. त्याला आपण आजारी आहोत हे पटत नसेल तर तो वाद घालूच नये, त्याऐवजी त्याला काय नको आहे ते विचारावे. (आपण आजारी आहोत याची जाणीवच नसणे हा अनेकांच्या बाबतीत आजाराचाच भाग असतो, हट्ट नव्हे, हे त्यांनी मला दहादा तरी सांगितले असेल.) मी विचारले. त्याला नको होते ते असे: रात्री नेणे, पोलीस आणि हात बांधणे. गोळीबद्दलची तक्रार निराळी होती. गोळीने जीभ जड होते, दिवसभर झोप येते आणि वजन वाढते. हे मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी औषध बदलले आणि रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा पर्याय त्याच्यासमोर ठेवला. इतकी वर्षे ‘गोळी का घेत नाहीस’ हे आम्ही रोज विचारत होतो, पण त्याचे उत्तर ऐकून घ्यायला कोणी थांबले नव्हते.

तो बरा असतानाच्या त्या काळात आम्ही त्याचे म्हणणे त्याच्याच अक्षरात लिहून घेतले. कायद्यात याला आगाऊ निर्देश म्हणतात. कलम ५ खाली कोणीही सज्ञान व्यक्ती, आपली निर्णयक्षमता हरपली तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असेल, हे लिहून ठेवू शकते आणि त्याची मंडळाकडे नोंद करता येते. आणीबाणीच्या उपचारांना तो निर्देश लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. माझ्या भावाने लिहिले की मी सलग तीन रात्री झोपलो नाही आणि खिडक्यांना कागद चिकटवू लागलो तर मला दिवसा, रिक्षाने, शेजारच्या काकांबरोबर न्यावे. चार वर्षांनी ती वेळ आली. खिडकीला कागद लागले. काका आले, त्यांनी तोच कागद त्याच्यापुढे धरला. तो तासभर रागावून बसून राहिला आणि मग स्वतः चपला घालून निघाला.

हे प्रत्येकाच्या बाबतीत घडेल असे मी म्हणणार नाही. आमच्याच गटात असे आईवडील आहेत ज्यांनी हे सर्व केले आणि तरीही त्यांचा मुलगा आज कुठल्या तरी शहराच्या फलाटावर आहे. त्यांनी माझ्यासमोर न्यायालयाचा आदेश मागितला तर त्यांना नको म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही. पण जिथे घरी येणारा केस मॅनेजर नाही आणि तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही, तिथे असा आदेश आला तर त्याची अंमलबजावणी पोलिसांच्या गाडीनेच होईल, हे मला दिसते, आणि त्या गाडीची भीती मला आदेश नसण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटते.

म्हणून हाती असलेल्या पंधरा दिवसांत तुम्ही काय करावे ते सांगते. कलम ९८ नुसार घरी सोडण्यापूर्वी उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी तुमच्या भावाशी, त्याच्या प्रतिनिधीशी, ज्यांच्याकडे तो राहणार आहे त्यांच्याशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी चर्चा करून पुढच्या उपचारांची योजना ठरवायची असते. प्रत्यक्षात डिस्चार्ज कार्डावर ‘दोन आठवड्यांनी फॉलोअप’ एवढीच ओळ मिळते. तेवढ्यावर समाधान मानू नका. कलमाचा उल्लेख करून, पण आवाज न चढवता, लेखी योजना मागा. महिन्याच्या इंजेक्शनचा पर्याय आहे का ते विचारा, आणि हा प्रश्न भावासमोर विचारा, त्याच्या पाठीमागे नको. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांच्याही बाह्यरुग्ण विभागांत उपचार मिळतात. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि तो क्रमांक शुभार्थीइतकाच शुभंकरासाठीही आहे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारखी संस्था शुभार्थी आणि शुभंकरांसाठीच काम करते. तुमच्या गावाजवळ एखादा स्वमदत गट असेल तर भाऊ घरी येण्याआधी तुम्ही एकट्याने एकदा जाऊन या.

पहिल्या इंजेक्शनची तारीख कार्डावर लिहून घ्या, आणि त्या दिवशी सोबत कोणी यावे हे भावालाच विचारा. माझ्या भावाने तेव्हा माझे नाव घेतले नव्हते. त्याला काका हवे होते, कारण वरणाच्या त्या प्रकरणात काका नव्हते.