नॉन-क्रिमिलेयर आहे, तरी शुल्कसवलतीचा अर्ज परत का येतो?

आपण लिहिले आहे की मुलगी इतर मागासवर्गातून कॅपद्वारे (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) अभियांत्रिकीला लागली, नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र (मागासवर्गातील पुढारलेल्या स्तरात मोडत नसल्याचे) हाती आहे, आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहात, पत्नी खासगी रुग्णालयात नोकरी करतात, आणि तरीही महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील शुल्कसवलतीचा अर्ज उत्पन्नाचे कारण दाखवून परत आला. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातही हाच गोंधळ झाला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी महसूल खात्यातला नाही आणि शासन निर्णय बदलत असतात, तेव्हा चालू वर्षाचा निर्णय पाहूनच पाऊल उचलावे.

नॉन-क्रिमिलेयर आणि शुल्कसवलत, दोन्हीकडे वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेचा आकडा 8 लाखांचाच असल्याने घोटाळा होतो, पण मोजमाप वेगळे आहे. नॉन-क्रिमिलेयरच्या उत्पन्नाच्या निकषात, केंद्राच्या 8 सप्टेंबर 1993 च्या आदेशापासून, पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. नोकरदारांच्या बाबतीत मुख्यतः पदाचा दर्जा पाहतात. शुल्कसवलतीसाठी मात्र आई-वडील दोघांचे सर्व मार्गांनी आलेले उत्पन्न एकत्र होते. त्यामुळे आपल्याला प्रमाणपत्र मिळणे आणि आपला अर्ज परत येणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नियमात बसू शकतात.

आमचे एकत्रित उत्पन्न 8 लाखांच्या आत होते, तरी मुलाची त्या वर्षीची निम्म्या शुल्काची सवलत गेली. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आम्हाला ठामपणे सांगण्यात आले की नॉन-क्रिमिलेयर असताना उत्पन्नाचा वेगळा दाखला लागत नाही. अर्ज तसाच पुढे गेला, बरेच दिवस पडून राहिला आणि मुदत संपत आल्यावर दाखला नाही म्हणून परत आला. तहसीलदारांच्या सहीचा दाखला मिळेपर्यंत पोर्टल बंद झाले होते. त्याच खिडकीवर नंतर ऐकायला मिळाले की कागद पूर्ण करणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे. तोंडी सल्ल्याला पावती नसते, हे तिथे बसणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. शुल्क भरण्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून उचल घ्यावी लागली, याचा राग मला अजूनही आहे.

आपला उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे, हे आधी तपासा. 2025-26 च्या प्रवेशाला 2024-25 चे उत्पन्न लागते, आणि असे दाखले सहसा 31 मार्चपर्यंतच चालतात. दोघांचेही फॉर्म 16 सोबत जोडा. सेतूमध्ये अर्ज दिल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका, कारण 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली विलंबाविरुद्ध अपील करताना तीच उपयोगी पडते.

एकत्रित बेरीज खरोखरच 8 लाखांवर जात असेल, तर शुल्कसवलत मिळणार नाही; आरक्षणातून मिळालेली जागा मात्र त्यामुळे जात नाही. मुलींना 2024-25 पासून दिलेली पूर्ण शुल्कमाफीही याच मर्यादेत आहे. एका हजाराने मर्यादा ओलांडणाऱ्याला काहीच न मिळणे मला अन्यायाचे वाटते. सवलत उत्पन्नानुसार टप्प्याटप्प्याने कमी व्हायला हवी. तरीही कार्यालयाबाहेर कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. पगार बँकेत आणि आयकर विवरणपत्रात दिसतो, त्यामुळे वसुलीची टांगती तलवार मुलीच्या पदवीपर्यंत राहील.

अशा वेळी शैक्षणिक कर्जाकडे लवकर वळावे. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतील संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते, त्यामुळे मुलीचे महाविद्यालय त्या यादीत आहे का ते पाहा. 10 लाखांपर्यंतच्या कर्जावरील 3 टक्के व्याज सवलतीला मात्र पुन्हा 8 लाखांचीच मर्यादा आहे, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. अर्जावर परतीचे नेमके कारण काय लिहिले आहे, ते शब्दशः इथे टाकलेत तर पुढचे सांगता येईल.