बाबांची मर्सिडीज, ६.८ लाखांचं कोटेशन आणि पर्सनल लोन

नाशिकहून एक मेल आलाय, आधी थोडक्यात सांगतो. वय ४४, हातात पगार १ लाख १५ हजार, होम लोनचा हप्ता ३८ हजार, मुलगा नववीत. वडिलांची १९९६ची मर्सिडीज ई२२०, म्हणजे जाणकार जिला डब्ल्यू १२४ म्हणतात ती, २०२१ला वडील गेल्यापासून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी. पुण्यातल्या एका गॅरेजने ‘पूर्ण टकाटक करून देतो’ म्हणून ६ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलंय. पैसे कुठून? एक तर ७ लाखांचं पर्सनल लोन, नाहीतर मुलाच्या शिक्षणासाठी जमवलेला ६.२ लाखांचा म्युच्युअल फंड मोडायचा. बायकोचं म्हणणं, एक जण १ लाख १० हजार देतोय, देऊन टाका आणि पार्किंग मोकळं करा.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, ‘ही गुंतवणूक म्हणून बघता येईल का?’ नाही. या गाड्यांना हौशी गिऱ्हाईक आहे हे खरंय, पण ६.८ लाख घालून उद्या विकायला काढलीत तर तेवढे परत येतील असं धरून चालू नका. आणि गाडी व्हिंटेज आहे असं जे तुम्ही लिहिलंय ते तर विसराच, सरकारी नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपुढची गाडी, तुमची अजून तिशीत आलीये. तेव्हा हा खर्च आहे, हौसेचा खर्च. हौसेला माझा विरोध नाही बरं का, लोक १२ लाखांची नवी सेडान घेतात आणि पाच वर्षांनी निम्मे पैसे आले तरी सहा लाख गेलेच ना, त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. तुम्हाला का म्हणायचं मग. फक्त हौस कुठल्या खिशातून होतेय ते बघायचं.

पर्सनल लोनचा हिशोब करून बघितला. ७ लाख, १३ टक्के, पाच वर्षं, हप्ता येतो साधारण १५,९००. एकूण भरणार साडेनऊ लाखांच्या वर, म्हणजे अडीच लाख नुसतं व्याज. त्या व्याजाच्या पैशात गाडीचं सस्पेन्शन आणि एसी दोन्ही निघतात हो. आणि तुमच्याच आकड्यांप्रमाणे होम लोनचा हप्ता, घरखर्च ४५ हजार, एसआयपी १५ हजार जाऊन हातात उरतात १७ हजार, ते जवळजवळ सगळे या नव्या हप्त्यात गेले की मग घरात काहीही झालं, दात काढायचा झाला तरी क्रेडिट कार्ड. मुलाचा फंड मोडायचं तर बोलूच नका, तीन-चार वर्षांत त्याची अ‍ॅडमिशन आहे, आणि त्याला उद्या शैक्षणिक कर्ज घ्यावं लागलं तर ते आजोबांच्या गाडीसाठी होतं हे त्याच्या डोक्यात कायम राहणार.

आता खरी गोष्ट जी तुमच्या मेलमध्ये एका ओळीत उरकलीये, ‘आरसी अजून बाबांच्या नावावरच आहे’. अहो ही एक ओळ नाहीये, इथूनच सुरुवात आहे! मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते, तुम्ही केव्हाच उशिरात आहात. त्यात तुमची बहीण सांगलीला आणि भाऊ अमेरिकेत, म्हणजे गाडीत तिघांचा हक्क. आत्ता लाखभराची गाडी आहे तोवर दोघंही ‘घे रे तूच, आम्हाला काय करायचीये’ म्हणतील, सहा लाख घालून चकाचक केल्यावर तसंच म्हणतील याची मी तरी खात्री देणार नाही, घरोघरी बघतोय. त्यामुळे पहिला खर्च गॅरेजला नाही, पहिले दोघांचं ना-हरकत आणि प्रतिज्ञापत्र. भावाचे कागद तिकडून यायला वेळ लागतो, आजच फोन करा.

मग रजिस्ट्रेशन. १९९६ची म्हणजे १५ वर्षं २०११ला संपली, पुढे पाच-पाच वर्षांनी बाबांनी केलं असणार आणि २०२१ला ते संपलंय. २० वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी २०२५च्या ऑगस्टपासून १० हजार झालीये, इम्पोर्टेड असेल तर ८० हजार. इथे तुमचं नशीब चांगलं, या गाड्या १९९५पासून पिंपरीला टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात जोडल्या जायच्या, तेव्हा नाव जर्मन असलं तरी गाडी पुण्याची. तरी आरसीवर इम्पोर्टेड अशी नोंद नाही ना ते एकदा डोळ्यांनी बघा. वर पर्यावरण कर, उशिराचा आकार, नवी नंबर प्लेट, पीयूसी, आणि १५०० सीसीच्या वरची म्हणून थर्ड पार्टी विम्याचेच ७,८९७ अधिक जीएसटी. हे सगळं तुमच्या ६.८ लाखांत धरलेलंच नाही.

कोटेशन दोनदा वाचलं. मी मेकॅनिक नाही, पण क्लायंटच्या जुन्या गाड्यांच्या नादाने बरंच शिकलोय. १.९ लाख डेंटिंग-पेंटिंग, ९० हजार लेदर आणि इंटीरियर, म्हणजे दिसायच्या गोष्टींवर २.८ लाख, आणि वायरिंगचा उल्लेखच नाही! त्या काळातल्या मर्सिडीजच्या इंजिन हार्नेसचं, म्हणजे इंजिनच्या वायरिंगच्या जुडग्याचं, आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं, हे प्रसिद्ध दुखणं आहे, हातात घेतलं की बिस्किटासारखा चुरा होतो. हार्नेस आधी कोणी बदललाय का ते बाबांच्या जुन्या बिलांत शोधा (बाबा बिलं ठेवणारे होते असं लिहिलंय तुम्ही, फार कामाची सवय). दुसरं म्हणजे एसी. कोटेशनमध्ये ‘एसी गॅस व सर्व्हिस ८,५००’ आहे. या गाडीचा इव्हॅपोरेटर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हवा गार करणारा भाग, गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरीच मजुरी, आठ हजारांत कोण करतंय. तिसरं गंज, खालच्या बाजूचं प्लास्टिकचं पॅनल काढून आणि जॅक लावायच्या जागा टोचून बघितल्याशिवाय रंगाचा आकडा देणारा माणूस अंदाजपंचे देतोय.

आणि रंग सगळ्यात शेवटी. माझ्या जुन्या गाडीला मी उत्साहात आधी रंग मारून घेतला होता, दोन महिन्यांनी इंजिन उतरवावं लागलं आणि त्या गॅरेजवाल्याने फेंडरला असा ओरखडा काढला की अजून आठवलं की पोटात दुखतं. पैसे दोनदा गेले.

तर मी काय करीन सांगतो. १७ हजारांतले ७ हजार आधी इमर्जन्सी फंडात, कारण त्यात आत्ता असलेले तुमचे २.२ लाख म्हणजे तीन महिनेसुद्धा धड निघत नाहीत. उरलेले १० हजार गाडीच्या नावाने वेगळ्या आरडीत, त्यात दिवाळीचा बोनस ६० हजार, वर्षाला १.८ लाख झाले. कागद नावावर झाले की पहिल्या पैशातून गाडी फक्त तपासून घ्यायची, हार्नेस, गंज, कॉम्प्रेशन (इंजिनात दाब नीट तयार होतो का), लेखी रिपोर्ट, आणि तो कोटेशन देणाऱ्या गॅरेजकडून नाही, दुसऱ्या माणसाकडून. रिपोर्टमध्ये चॅसिसला गंज निघाला किंवा इंजिनचं मोठं काम निघालं तर १ लाख १० हजारवाल्याला हो म्हणा, तोपर्यंत त्याला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका.

बरी निघाली तर आधी ब्रेक, पेट्रोलची टाकी आणि सगळे रबरी पाइप, उभ्या गाडीत हेच जातं, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा पाइप बदलायचेच तर इथेनॉलला टिकणारे टाका. टायर कितीही नवे दिसू देत, ते कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनले ते सांगणारा त्यांच्यावरचा चार आकडी नंबर वाचा. मग रेडिएटर, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबर), मग एसी. हे सगळं साधारण चार लाखांत बसावं, पण गाडी उघडली की काहीतरी निघतंच, म्हणून ७०-८० हजार वेगळे धरा. म्हणजे अडीच वर्षं. लेदर आणि रंग त्यानंतर, मुलाची अ‍ॅडमिशन होऊन गेल्यावर.

चालवायचा खर्चही बोलून घेऊ, महिन्याला अडीचशे किलोमीटर फिरलात तरी वर्षाला तीन हजार, लिटरला आठ धरले तर पावणेचारशे लिटर, पेट्रोलचेच ३८-३९ हजार. विमा आणि किरकोळ कामं धरून वर्षाला लाखभर बाजूला ठेवावेच लागतील, म्हणजे आत्ताची १० हजारांची आरडी पुढे बंद होणार नाही, तिचं फक्त नाव बदलेल. हे वहिनींना आजच सांगा, नंतर कळलं तर माझं नाव घेतील.

आणि ते पार्किंगमधलं कव्हर काढा आधी. पावसाळ्यात कव्हरखाली ओल धरते, गंज तिथेच वाढतो. बहीण-भावाचे कागद आले आणि तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की फोटोसकट पाठवा, मग त्या ६.८ लाखांतलं काय काय उडवायचं ते ओळीने बघू.