बाळ ४ महिन्यांचं, टीएसएच ०.०२, कार्बिमाझोल चालू करायचं का?

अगं, दूध बंद करावं लागेल का हा तुझा प्रश्न आधी संपवते, नाही लागत. कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन बनणं थांबवणारी गोळी, कमी डोसमध्ये दूध पाजताना चालतं, डॉक्टर देतात. पण मला तुझं वाचून वेगळीच शंका आली. बाळ ४ महिन्यांचं, धडधड, वजन ६ किलो उतरलेलं, टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन, थायरॉइड जास्त झालं की हे तळाला जातं) ०.०२, एफटी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) जरासा वर, आणि एवढ्यावर "हायपर (थायरॉइड जास्त) आहे, दीड वर्ष गोळ्या" असं सांगून मोकळे. दूध राहू दे, ती गोळी तुला लागते का हेच अजून कुठे ठरलंय?

मी ह्यातून गेलेय म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. पहिल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात माझं वजन ६८ वरून ५७ वर आलं आणि सगळे खूश, काय बारीक झालीस गं, डिंकाचे लाडू खाऊनपण! मी पण खूश. रात्री छातीत धडधडायचं ते जागरणामुळे असेल म्हणून सोडून दिलं. मग एक दिवस बाळाची नखं कापायला बसले, ते छोटं नेलकटर असतं ना, आणि त्याच्या एवढ्याशा करंगळीवर ते धरता येईना इतका हात थरथरत होता. दोनदा खाली ठेवलं, तिसऱ्यांदा आईला बोलावलं. तिने हात बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासायला नेलं. टीएसएच ०.०१. फिजिशियननी कार्बिमाझोल १० मिग्रॅ दिवसातून तीनदा लिहिलं. बाळ माझ्या मांडीवर होतं, तरी ते किती महिन्यांचं आहे हे कोणी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी माझा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, मे महिन्यात अंगावर पांघरूण, पोट साफ नाही आणि कारण नसताना रडू. घरच्यांना वाटलं बाळंतपणाचं डिप्रेशन. टीएसएच काढला तर ७८, म्हणजे आता उलटं, थायरॉइड पार कमी!! तेव्हा कुठे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यांचा पहिला प्रश्न, "डिलिव्हरी कधी झाली?" मला थायरॉइड जास्त बनण्याचा आजार नव्हताच. बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येते, पोस्टपार्टम थायरॉइडायटिस म्हणतात, ते होतं.

फरक समजून घे, कारण सगळं त्यावरच आहे. गच्चीवरच्या टाकीतून पाणी वाहतंय असं धर. एक तर मोटर बंदच होत नाहीये म्हणून टाकी भरून वाहतेय, हा ग्रेव्हज, म्हणजे थायरॉइड जास्त बनण्याचा आजार. नाहीतर मोटर बरोबर आहे पण टाकीला तडा गेलाय आणि साठलेलं पाणी बाहेर येतंय, हा थायरॉइडायटिस. खाली जिन्यात उभं राहून बघितलं तर दोन्हीकडे पाणीच दिसतं, तसं रिपोर्टमध्ये दोन्हीकडे टीएसएच तळाला. कार्बिमाझोल मोटर बंद करतं. तडा गेलेल्या टाकीला त्याचा उपयोग शून्य, उलट साठा काही आठवड्यांत संपतो आणि त्याच वेळी मोटरही बंद, की माझ्यासारखे ७८. खरं सांगायचं तर सूज उतरताना टीएसएच बऱ्याच जणींचा आपोआपही वर जातो, पण गोळीने माझी त्यात भर पडली.

म्हणून डॉक्टरांना फोन कर आणि विचार की गोळीच्या आधी टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी, म्हणजे ग्रेव्हज ओळखायची रक्ताची टेस्ट, करू या का. लॅबवाले टीआरएबी किंवा ट्रॅब म्हणतात, जरा महाग टेस्ट आहे, पण इथे दीड वर्षाच्या औषधाचा प्रश्न आहे. पॉझिटिव्ह आली तर बहुतेक ग्रेव्हजच, मग कार्बिमाझोल हेच बरोबर औषध आणि ते १२ ते १८ महिने नीट घ्यायचं, तेव्हा माझी गोष्ट विसरून जा. बाळंतपणानंतर ग्रेव्हजही डोकं वर काढतो, त्यामुळे मी सांगते म्हणून थायरॉइडायटिसच असं धरू नकोस. डोळे पुढे आल्यासारखे वाटतात का तेही आरशात बघ आणि सांग. अँटी टीपीओ ही थायरॉइडची दुसरी अँटीबॉडी पण करतात, पण ती दोन्हीकडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तिच्यावर निकाल लावू नका. गळ्याची सोनोग्राफी डॉपलरसकट केली तर रक्तपुरवठा वाढलाय की कमी तेही कळतं, ग्रेव्हजमध्ये वाढलेला असतो. थायरॉइडचा स्कॅन (किरणोत्सर्गी औषध देऊन काढतात तो) सांगितला तर दूध पाजतेस हे आधी सांग. टेक्नेशियमचा असेल तर थोडा वेळ दूध काढून टाकावं लागतं, रेडिओआयोडीन मात्र पाजताना नाहीच.

आता तुझ्या शेवटच्या ओळीतली गोष्ट, जी तू सहज लिहिलीस आणि मी तिथेच अडकले. केस गळतात म्हणून बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या व्हिटॅमिनच्या) गोळ्या चालू आहेत!! अगं हे डॉक्टरांना सांगितलंस का? बायोटिनचा डोस मोठा असेल तर काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो, ट्रॅबसुद्धा खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकतं, म्हणजे कागदावर अगदी ग्रेव्हज. तुला धडधड आहे, वजन उतरलंय, म्हणजे सगळं बायोटिनमुळेच असं मला वाटत नाही, पण आकडा किती खरा ते कळायला हवं. निदान दोन दिवस बंद ठेवून, डोस मोठा असेल तर लॅबला विचारून अजून जास्त दिवस, मग परत रक्त दे. केस तसेही बाळंतपणानंतर गळतातच आणि परत येतात, मी दोन्ही वेळा अंबाड्याची शेंडी करून फिरले.

थायरॉइडायटिस निघाला तर पहिल्या टप्प्यात धडधडीपुरतं प्रोप्रॅनोलॉल देतात, दूध पाजताना चालतं, फक्त दमा असेल तर आधी बोल. मग दर ४ ते ६ आठवड्यांनी टीएसएच, कारण पुढे तो वर जाण्याची वेळ येते आणि त्या वेळी आपण "आता बरं वाटतंय" म्हणून लॅबकडे फिरकत नाही. बहुतेक जणींचं वर्षभरात जागेवर येतं. माझं पहिल्या वेळी आलं, थायरॉक्सिन (कमी पडलेलं थायरॉइड भरून काढायची गोळी) हळूहळू बंद पण झालं, दुसऱ्या बाळंतपणानंतर परत तेच झालं आणि आता कायमची थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी आहे. उशाशी बाटली, उठल्यावर पाण्याबरोबर, चहा तासाभराने. बाळंतपणात लोह आणि कॅल्शियम चालू असतं ना, ते त्याच्यापासून ४ तास लांब, हे मला केमिस्टने सांगितलं, डॉक्टरांनी नाही.

आणि कार्बिमाझोल चालू झालंच असेल तर मनाने बंद करू नकोस, विचारून कर. अपवाद एकच, ताप किंवा घसा खूप दुखायला लागला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशी मोजायची टेस्ट) आणि डॉक्टर. पांढऱ्या पेशी क्वचित एकदम खाली जातात, क्वचितच, पण घसा धरलाय म्हणून गुळण्या करत बसायचं नाही.

सासूबाई थायरॉइडसाठी कोबी-फ्लॉवर बंद कर म्हणतायत ना, शिजवलेला खा बिनधास्त, त्याने काही बिघडत नाही. कांचनार गुग्गुळ हे आयुर्वेदिक औषध मात्र कोणाच्या सांगण्यावरून आत्ता चालू करू नकोस, आधीच कळत नाहीये आकडा कशाने हलतोय.

नवीन रिपोर्ट आला की एफटी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) आणि एफटी४ दोन्ही टाक, युनिट आणि त्या लॅबच्या रेंजसकट, आणि शेवटची बायोटिन कधी घेतलीस ते पण लिही.