सॉकेट १६ अँपिअरचा, पण मागची वायर कितीची?

प्रश्न : स्वयंपाकघरात ६ अँपिअरचा सॉकेट आहे. तिथे २००० वॉटची इंडक्शन शेगडी लावायची आहे. सॉकेट आणि खटका १६ अँपिअरचा बसवला की काम भागेल ना?

नाही, आणि कृपा करून तेवढंच करून थांबू नका. २००० ला २३० व्होल्टने भागलं की येतात सुमारे ८.७ अँपिअर. १६ चा सॉकेट ते सहज पेलेल. पण ६ च्या सॉकेटमागे बहुधा १ किंवा १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर असते, आणि तीच वायर पुढे दिवे-पंख्यांना गेलेली असते. डीबीत, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात त्या पेटीत, तिच्यावर ६ किंवा १० चा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, असतो. ६ चा असेल तर शेगडी एकटीच त्याच्या जवळजवळ दीडपट करंट ओढते, म्हणजे साधारण तासाभरात तो पडतो.

खरा धोका इथून पुढे आहे. ‘एमसीबी सारखा पडतो’ म्हणून कुणीतरी तिथे २० चा बसवून देतं. एमसीबी असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. शेगडीशी त्याला देणंघेणं नसतं. २० चा एमसीबी १.१३ पट, म्हणजे २२.६ अँपिअरपर्यंत तासभर न पडता राहू शकतो. एवढा करंट भिंतीतल्या पाइपमध्ये दाटीने बसलेल्या १.५ च्या वायरीला झेपत नाही. तिचं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअससाठी बनवलेलं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं. भिंतीआड चाललेलं हे कुणाला दिसत नाही.

म्हणून डीबीपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या : फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही २.५ चौरस मिमी तांबं, त्यावर १६ चा एमसीबी, टोकाला १६ चा सॉकेट आणि १६ चाच खटका. जुना पाइप भरलेला असेल तर त्यात वायर कोंबू नका, वरून केसिंगपट्टी मारा. दिसायला बरी नाही, पण वायर थंड राहते. गिझर आणि एसी या लाइनवर घेऊ नका, त्यांना आपापली लाइन हवी.

प्रश्न : आमच्याकडे १६ च्या एमसीबीवर ६ चे चार सॉकेट आहेत. चार सक चोवीस, म्हणजे लोड जास्त झाला का?

सॉकेटचे आकडे असे बेरजेत धरायचे नसतात. त्यांत काय लावता ते मोजायचं. तुमच्या जोडणीतली चूक वेगळी आहे. एका सॉकेटमध्ये एक्स्टेंशन बोर्ड घालून त्यावर १००० वॉटची इस्त्री आणि १५०० वॉटची किटली चालवली, तर ६ च्या सॉकेटमधून जवळपास ११ अँपिअर जातात. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक असतं आणि सॉकेट मात्र भाजत राहतो. तिथे वायर कितीही जाड असली तरी एमसीबी ६ चा, फार तर १० चा बसवा. १० चा बसवलात तर तापणाऱ्या वस्तू त्या सॉकेटांवर नकोतच. मोठ्या पिना छोट्या भोकांत घालून देणारे कन्व्हर्टर प्लगही घरातून काढून टाका. पिनेचा आकार हीच तिथली राखण असते, ते तिलाच फसवतात.

प्रश्न : ३००० वॉटच्या गिझरचा प्लग हाताला चटका बसेल इतका तापतो. सॉकेट १६ चा, वायर ४ ची, एमसीबीही पडत नाही. मग बिघाड कुठे?

सॉकेटच्या आत. पितळी पत्ती सैल झाली असेल किंवा मागचा स्क्रू ढिला पडला असेल. १३ अँपिअर करंटला अशा सैल जोडात ०.१ ओहम जरी अडथळा झाला, तरी तिथे सुमारे १७ वॉट उष्णता तयार होते. एवढ्याशा जागेत प्लास्टिक पिवळं पडून वितळायला ती पुरते. करंट वाढत नाही म्हणून एमसीबी पडत नाही. गळती नाही म्हणून करंटची गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबीही गप्प.

गिझर लगेच बंद करा. काम वायरमनकडून करून घ्या आणि या गोष्टी पाहा : मेन बंद करून टेस्टरने खात्री केली का, वायरीचं काळं पडलेलं टोक कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे सोललं का, सगळे तंतू स्क्रूखाली गेले का, की काही कापून टाकले, ओढून पाहिल्यावर वायर हलते का. सॉकेट बदलताना प्लगही नवा घ्या. भाजलेल्या खरबरीत पिना नव्या सॉकेटची पत्तीही काही दिवसांत तशीच जाळतात.