चित्रं बघून रडू कसं येतं?

प्रश्न: मुलगी अकरावीला आहे, परवा 'पर्सेपोलिस' हे कॉमिक वाचता वाचता चक्क रडत बसली होती. मी चाळून बघितलं तर सगळं काळं-पांढरं आणि चेहरे एकदम साधे. सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) आत्मचरित्रं आणून आणून आम्ही आयुष्यभर वाचली, रडलो पण, पण कॉमिक वाचून रडायचं म्हणजे जरा अतीच नाही का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, चेहरे साधे आहेत तीच तर गंमत आहे. हुबेहूब चेहरा काढला की ती कोणीतरी इराणमधली बाई वाटते, पण दोन ठिपके नि एक रेघ असली की आपण कधी त्या जागी जाऊन बसतो कळतच नाही, स्कॉट मॅक्लाउड या कॉमिकवाल्याने १९९३ सालीच हे नीट उलगडून सांगितलंय.

आता मुलगी नेमकी कुठे रडली माहीत नाही, पण माझा अंदाज सांगतो. हे कॉमिक म्हणजे लेखिका-चित्रकार मर्जान सत्रापीचं आत्मचरित्रच. ती लहान असताना इराण-इराक युद्ध चालू होतं, एका मिसाइलने शेजाऱ्यांचं घर पडतं, ती आईबरोबर तिथून जाते आणि ढिगाऱ्यात तिला मैत्रिणीचं फिरोजा खड्यांचं ब्रेसलेट दिसतं. पुढच्या चौकटीत ती तोंड झाकून घेते आणि त्याच्या पुढची चौकट? नुसती काळी, सोबत एक ओळ. चित्रच नाही! गद्यात लेखकाला तिथे बरंच वर्णन करावं लागलं असतं, इथे तिने जागा सोडली आणि ती आपण भरतो, रडू येतं ते तिथे.

दुसरं म्हणजे बाई स्वतःला चांगलं दाखवायच्या भानगडीत पडत नाही. तिथे मेकअपला बंदी, मोठेपणी लिपस्टिक लावलेली असताना धाड येते, पकडलं जायला नको म्हणून ती एका निरपराध माणसावरच आळ घेते आणि वर आजीला हसत हसत सांगते, आजी तिला अशी झापते की विचारू नका. आपल्याकडच्या बऱ्याच आत्मचरित्रांत एवढा खरेपणा सापडत नाही (नावं घेत नाही, पत्रं येतील).

आणि कॉमिक म्हणजे पोरखेळ असं अजून वाटत असेल तर आर्ट स्पीगलमनच्या 'माउस'ला १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मानाच्या पुलित्झरचा खास पुरस्कार मिळालाय, त्यात वडिलांची छळछावणीतली हकीकत आहे आणि ज्यू लोक उंदीर म्हणून काढलेत.

मुलीकडे पहिलाच भाग असेल तर दुसरा लगेच आणून द्या, पहिला विमानतळावर फार वाईट जागी तुटतो.