मुलगा सज्ञान आहे, हे कुणाला विचारून लिहून दिलंत?

प्रश्न (पत्र थोडक्यात) : माझा मुलगा बारावीत आहे. मी त्याच्याच शाळेची बस चालवतो. अकरावीतल्या एका मुलीशी त्याचं प्रेम जमलं. तिचे वडील कारखानदार, शाळेत त्यांचा शब्द चालतो. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरमधलं हे प्रकरण. सप्टेंबरअखेर मेसेज आणि फोटो सापडले, तेव्हापासून दोघांची भेट नाही. शाळेने मला बोलावून माफीनामा लिहून घेतला, त्याची प्रत जोडली आहे. आता म्हणतात, मुलाची एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) काढा आणि हेच स्टॅम्प पेपरवर नोटरी करून द्या, म्हणजे पोलिसांत जाणार नाही. मुलगी सतरा वर्षांची होईल. दोघांची मर्जी होती. शाळेच्या दाखल्यावर मुलाची तारीख १ जून २००७ आहे, खरा जन्म १७ नोव्हेंबर २००७ चा. नगरपालिकेचा जन्मदाखला घरात आहे. लिहून देऊ का?

उत्तर : देऊ नका.

अशी पत्रं वर्षभर येतात. कधी मुलगी वॉचमनची आणि मुलगा बंगल्यातला असतो, कधी तुमच्यासारखं उलटं. गरिबाच्या घरून आलेल्या पत्रात एक वाक्य ठरलेलं असतं, ‘दोघांची मर्जी होती’. त्यावर मी शाई घालवत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीची मर्जी पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, मोजत नाही. शिक्षा ठरवताना ती बघावी, अशी शिफारस सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधल्या २८३ व्या अहवालात सोळा ते अठरा वयापुरती केली, पण वयाची अट मात्र अठराच ठेवावी असं त्याच अहवालात सांगितलं. त्या शिफारशीवर तुमच्या मुलाचं आयुष्य टांगून ठेवू नका.

तुम्ही पाठवलेल्या माफीनाम्यात पश्चात्ताप आहे, मुलीच्या घराण्याची प्रतिष्ठा आहे, ‘पुन्हा असं होणार नाही’ आहे. हे सगळं सोडा. मधलं एक वाक्य बघा : ‘माझा मुलगा, वय वर्षे १८ पूर्ण, सज्ञान असून त्यास परिणामांची कल्पना होती.’ हे वाक्य तुमचं नाही. बस चालवणारा माणूस घाबरून माफी लिहितो तेव्हा ‘सज्ञान असून’ असं लिहीत नाही. ते कुणा जाणत्याने सांगितलं आणि तुम्ही खाली सही ठोकलीत. घरात जन्मदाखला असताना!

या प्रकरणात मुलाने काय केलं याच्या आधी एकच गोष्ट ठरणार आहे. त्या तीन महिन्यांत तो अठरा पूर्ण होता की नव्हता. १ जून धरला तर होता. १७ नोव्हेंबर धरला तर नव्हता. पहिल्या तारखेने तो प्रौढ आरोपी होतो. त्याची जागा तुरुंगात, खटला पोक्सोच्या विशेष न्यायालयात. शारीरिक संबंधाचा आरोप झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा दहा वर्षे आहे, आणि ती कमी करण्याची मुभा न्यायाधीशाला नाही. दुसऱ्या तारखेने तो बाल न्याय कायदा, २०१५ खाली येतो. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद. आज तो दोन्ही तारखांनी अठरा ओलांडून गेला आहे, म्हणून संपलं असं समजू नका. गुन्हा घडला म्हणतात त्या दिवशीचं वय मोजतात, अटकेच्या दिवशीचं नाही.

आता अडचण. नगरपालिकेचा दाखला सरकारी, म्हणून तोच वरचढ, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. कायद्यात क्रम उलटा आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ९४ सांगतं, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका, महापालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणजे पहिलीच्या वर्गात कुणी गुरुजींनी घातलेली १ जून ही तारीख दवाखान्यातून नोंदल्या गेलेल्या तारखेच्या आधी वाचली जाते. आपल्याकडे एक जूनला जन्मलेल्यांची जत्रा भरेल इतके लोक आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची, मूल वयात बसवायचं असायचं, गुरुजी तारीख टाकून मोकळे व्हायचे. पुढे दहावीच्या फॉर्मवर तीच तारीख तुमच्यासमोर तपासायला आली. तुम्हीच लिहिता, ‘तेव्हा कळलं होतं, पण काय फरक पडतो म्हणून सोडलं.’ हा फरक पडतो. मूल शाळेत असताना जनरल रजिस्टरमधली तारीख दुरुस्त करता येते, अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तेव्हा केलं असतं तर आज या पत्राची गरज पडली नसती.

मग आता दुरुस्तीचा अर्ज टाकायचा का? माझं मत, नाही, निदान वकिलाने सगळे कागद बघेपर्यंत नाही. प्रकरण उघड झाल्यावर बदललेली तारीख आरोपीला वाचवण्यासाठी बदलली, असंच समोरचा वकील म्हणेल, आणि न्यायाधीशांनाही ते पटेल. नोंद बदलण्यापेक्षा ती कशाच्या आधारावर झाली हे उघडं पाडा. तुम्ही लिहिता की मुलगा पहिलीला गावच्या जिल्हा परिषद शाळेत, आजोळी होता. तिथे जा. प्रवेशाच्या वेळचा अर्ज आणि जनरल रजिस्टरचा उतारा मागा. तारीख कुणी सांगितली, सोबत कुठला कागद होता, खाली सही कुणाची, हे बघा. आजोबांचा अंगठा आणि सोबत काहीच नाही, असं निघालं तर ती नोंद पोकळ आहे. तारीख कुणी सांगितली हे सिद्ध झाल्याशिवाय शाळेच्या रजिस्टरला फारसं वजन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बिरदमल सिंघवी प्रकरणात म्हटलं आहे. २०२३ च्या पी. युवप्रकाश प्रकरणात त्याच न्यायालयाने शाळा बदलल्याचा दाखला आणि प्रवेश रजिस्टरचा उतारा हे कलम ९४ मधले कागद मानले नाहीत. तिथे प्रश्न मुलीच्या वयाचा होता, पण वय ठरवण्याची रीत एकच. शिवाय २०२१ च्या ऋषिपाल सिंह सोळंकी निकालानुसार वय काठावर असेल आणि दोन मतं शक्य असतील, तर आरोपी अल्पवयीन होता या बाजूने झुकावं. तुमचा मामला काठावरचाच आहे.

तुमच्या बाजूची भक्कम गोष्ट म्हणजे जन्मदाखला. नोंदणीची तारीख मी फोटोत वाचली. जन्म सरकारी रुग्णालयात, नोंद एकवीस दिवसांच्या आत. २००७ मध्ये कुणी पोक्सोतून सुटण्यासाठी खोटी नोंद करत नव्हतं, तेव्हा तो कायदाही नव्हता. आणि आता मिळणारी नवी प्रत नको, त्या वेळच्या नोंदवहीचा प्रमाणित उतारा काढा. रुग्णालयाच्या प्रसूती नोंदवहीचा मिळाला तर तोही.

हे सगळं पुढे कधीतरी कोर्टात दाखवू, असं म्हणू नका. खरा घोळ पहिल्या दिवशी होतो. फिर्याद झाली की पोलीस वय आधारवरून किंवा शाळेच्या कागदावरून टाकतात, तुमच्या मुलाच्या आधारवरही १ जूनच असणार. रिमांडच्या (कोठडी मागण्याच्या) अर्जात ‘वय १८’ लिहिलं गेलं की पोरगा न्यायालयीन कोठडीत, आणि मग वयाचा अर्ज, त्यावर म्हणणं, मुख्याध्यापकांना समन्स, मुख्याध्यापक बदलून गेलेले, पुढची तारीख. अल्पवयाचा मुद्दा कधीही मांडता येतो हे खरं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक माणूस घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, असं शाळेच्या नोंदीवरून मान्य केलं. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. ‘कधीही’ या सवलतीची किंमत ही असते. म्हणून जन्मनोंदीचा उतारा, त्याच्या प्रती आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ९ (अल्पवयाचा दावा) व ९४ खालचा तयार अर्ज आजच वकिलाकडे हवा. पोलीस ठाण्यात तो अर्ज देऊन पोच घ्यायची, आणि पहिल्यांदा ज्या कुणा न्यायाधीशापुढे उभं करतील त्यांच्या हातात तोच कागद पहिला पडला पाहिजे. वयाची चौकशी सुरू असताना त्याला तुरुंगाऐवजी सुरक्षित स्थानात ठेवता येतं, तेही मागायचं. अटकपूर्व जामीन अल्पवयीनाला मागता येतो का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने दार बंद केलेलं नाही. तो मागायचा की नाही हे तुमचा वकील ठरवेल, पण त्या अर्जातही वय १७ नोव्हेंबरप्रमाणेच लिहिलं गेलं पाहिजे. एका कागदात एक तारीख आणि दुसऱ्यात दुसरी, असं झालं की मी वर लिहिलेलं सगळं वाया गेलं.

तारखांबद्दल आणखी एक. मुलगा १७ नोव्हेंबर २०२५ ला सगळ्याच हिशेबांनी सज्ञान झाला. फिर्यादीत ‘जुलै ते डिसेंबर’ असं मोघम लिहिलं, तर नोव्हेंबरनंतरच्या एका भेटीच्या आरोपावरही त्याला प्रौढ ठरवता येईल. सप्टेंबरनंतर भेट नाही असं तुम्ही म्हणता. मुलाला पुन्हा विचारा, आणि तुमच्यासमोर नव्हे, वकिलासमोर विचारा. बापाला सगळं सांगणारा सतरा वर्षांचा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. आजपासून एकही फोन नाही, मेसेज नाही, मैत्रिणीच्या हाती चिठ्ठी नाही.

आता भ्रमात राहू नका म्हणून सांगतो. अल्पवयीन ठरला म्हणजे सुटला, असं नाही. आरोप हात धरण्यापुरता, जवळीक करण्यापुरता असेल, तर मंडळासमोरची चौकशी आणि बहुधा समुपदेशन, हमीपत्र असं काही. संबंधाचा आरोप असेल तर तो कायद्याच्या भाषेत निर्घृण गुन्हा ठरतो, आणि सोळा पूर्ण झालेल्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का याची प्राथमिक तपासणी मंडळ करतं. प्रेमप्रकरणात मंडळं काय करतात यावर मी पैज लावणार नाही. माणसागणिक निकाल वेगळा दिसतो.

एलसीचं. बारावीला शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण नाही, ते आठवीला संपलं. तरी शाळेला काढायचं असेल तर तिने लेखी कारण देऊन काढावं, तुम्ही स्वतः अर्ज का करता? त्या अर्जावर पुन्हा १ जून येईल आणि खाली पुन्हा तुमची सही. परीक्षा तोंडावर आहे, फॉर्म याच शाळेतून गेला आहे.

स्टॅम्प पेपरवरची तडजोड तर निव्वळ कागद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रामजीलाल बैरवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पोक्सोचा गुन्हा आपसात मिटला म्हणून रद्द होत नाही. ती मंडळी उद्या मन बदलून ठाण्यात गेली तर हा कागद त्यांना अडवणार नाही, तुम्हाला मात्र नडेल. आणखी गंमत बघा. गुन्हा घडल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला याच कायद्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मुख्याध्यापकांना तुमची सही एवढी का हवी, याचं एक उत्तर त्यात असू शकतं. पण हे त्यांना ऐकवायला जाऊ नका. घाबरलेला मुख्याध्यापक त्याच संध्याकाळी फिर्याद देईल.

आधी दिलेल्या माफीनाम्याचं काय? बापाच्या सहीने मुलाचं वय ठरत नाही, आणि मुलाचा गुन्हाही. तरी तो कागद तिथे पडून राहू देऊ नका. वकिलामार्फत शाळेला रजिस्टर पोस्टाने दोन ओळींचं पत्र पाठवा : मजकूर मी लिहिलेला नाही, मुलाची खरी जन्मतारीख १७ नोव्हेंबर २००७ आहे, सोबत जन्मदाखल्याची प्रत. मुलीविरुद्ध एक अक्षर नको. ‘तिनेच नादाला लावलं’ अशी उलट तक्रार करायला तुम्हाला कुणी सुचवलं असेल, तर त्याचं ऐकू नका. उद्या दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब तिचा होणार आहे, आणि ती खरं बोलली तर तुमच्या मुलाचा सगळ्यात मोठा आधार तीच असेल.

फोनमधलं काही पुसू नका, कुणाला पाठवूही नका. मुलीचा खाजगी फोटो असेल तर तो नुसता बाळगणं हाही वेगळा गुन्हा होऊ शकतो. फोन बंद करून वकिलाला आधी तेवढंच सांगा.

वकिलाचे पैसे कुठून आणू, असं शेवटी विचारलं आहे. मुलाच्या वतीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. बालकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. तो अठरा पार झाला म्हणून कुणी अडवलं तर तुमच्या उत्पन्नाचा दाखला जोडा. आणि शाळेने पुन्हा बोलावलं तर एकटे जाऊ नका. कागद पुढे केला तर त्याची प्रत मागा, वकिलाला दाखवून कळवतो एवढंच म्हणा आणि पेन खिशातच ठेवा.